सोबत फोटो जोडावा

रेणापूर तालुक्यात सगळ्यात जास्त लिहिणारा माणूस कोण, असं विचारलं तर लोक एखाद्या कवीचं नाव सांगतील. कवी आमच्याकडे पुष्कळ आहेत. उद्या नवरात्रात रेणुकादेवीच्या आवारात कविसंमेलन ठेवलं, तर श्रोते बाहेरगावाहून मागवावे लागतील. पण खरा मान शाळामास्तराचा. त्यातही मराठीच्या. कारण बाकीच्यांचं लिहून झालं नाही, की ते ‘सर, तुमची भाषा चांगली आहे’ म्हणून त्यांचंही आम्हालाच लिहायला देतात.

वार्षिक नियोजन, घटक नियोजन, रोजचं टाचण, पालकसभेचं इतिवृत्त, सहलीचा अहवाल, सहल रद्द झाल्याचा अहवाल, संस्थेच्या अध्यक्षांचं प्रजासत्ताक दिनाचं भाषण, अध्यक्षांच्या पुतण्याच्या लग्नपत्रिकेतला ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ हा मजकूर, आणि पीटीच्या सरांचा रजेचा अर्ज. हा अर्ज लिहायला सगळ्यात अवघड. सरांची तब्येत अशी की ‘अशक्तपणा जाणवत असल्याने’ हे वाक्य त्यांच्या सहीवर शोभत नाही.

अंबाजोगाई इथून तासाभरावर. तिथल्या दासोपंतांना रोज ढबू पैशाची शाई लागायची, असं सांगतात. त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा, आणि तेवढ्यावर भागलं नाही म्हणून त्यांनी लांबलचक कापडावर लिहिलं. ती पासोडी आजही अंबाजोगाईत जपून ठेवलेली आहे. पासोडी म्हटलं की माझ्या मनात भक्तिभावाच्या आधी शिक्षण खात्याचा विचार येतो. एवढं लेखन असलेला माणूस वरच्या पगाराच्या निवडश्रेणीला सहज पात्र ठरला असता. फक्त सोबत फोटो जोडायला हवा होता.

आमच्या लेखनाचं वैशिष्ट्य असं की ते कुणी वाचत नाही. टाचणवहीत डावीकडे तारीख, तासिका, घटक, मग उद्दिष्टे, शैक्षणिक साहित्य, अध्यापन कृती, मूल्यमापन, गृहपाठ. ‘शैक्षणिक साहित्य’ या रकान्यात गेल्या पन्नास वर्षांत महाराष्ट्रभर ‘खडू, फळा’ याच्यापलीकडे फारसं काही गेलं नसावं. शनिवारी वही हेडसरांच्या टेबलावर जाते, सोमवारी ‘पाहिले’ आणि सही घेऊन परत येते. ‘वाचले’ असं कुणी लिहीत नाही. तेवढा प्रामाणिकपणा खात्यात अजून शिल्लक आहे. आमच्या गणिताच्या सरांनी एकदा टाचणाच्या मधोमध ऊस ‘फुले २६५’ लावावा की ‘८६०३२’ याचा एकरी हिशोब मांडला होता. बेणं, खत, तोडणी, वाहतूक, सगळं धरून. त्यावरही ‘पाहिले’ आलं. पुढच्या हंगामात सरांनी ८६०३२ लावला. विचारलं तर म्हणाले, हेडसरांची मान्यता आहे.

वर्णनात्मक नोंदी हा तर स्वतंत्र वाङ्मयप्रकारच म्हणायला हवा. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कल्पना चांगली होती. प्रत्येक मुलाकडे बारकाईनं पाहा आणि जे दिसलं ते लिहा. पण वर्गात साठ मुलं आणि विषय आठ म्हटल्यावर बाजारात नोंदींची तयार पुस्तकं आली. ‘कविता तालासुरात म्हणतो.’ ‘इतरांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतो.’ ‘अनुभव स्वतःच्या शब्दांत सांगतो.’ हे स्वतःचे शब्द पुस्तकात पान चौदावर असत. मी पाहिलेल्या एका नोंदवहीत दुसऱ्या सत्रात एका मुलापुढे ‘कविता तालासुरात म्हणतो’ असं होतं. तो मुलगा दिवाळीपासून आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेला. म्हणतही असेल फडात, तालासुरात.

तर असा हा न वाचला जाणारा लेखक. त्याचा विकास कसा करायचा, ही शासनाची जुनी काळजी आहे.

शासनाच्या हिशोबी शिक्षक आयुष्यात दोनदा वाढतो. बारा वर्षं झाली की वरिष्ठ वेतनश्रेणी, चोवीस वर्षं झाली की निवडश्रेणी. दोन्हीच्या आधी प्रशिक्षण. मधल्या काळात आमच्या भागात वाढते ती साखर. काही कारखान्यात, काही रक्तात. त्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र नसेल तर प्रस्ताव त्रुटीत निघतो, आणि एकदा त्रुटीत निघालेला प्रस्ताव पुन्हा मार्गी लागेपर्यंत माणूस पुढच्या श्रेणीला पात्र झालेला असतो.

प्रशिक्षण ज्याने पाहिलं नाही त्याला मी काय सांगू! पन्नाशीतली चाळीस माणसं, निम्म्यांना गुडघेदुखी, आणि समोर एक तरुण सुलभक. तो म्हणतो, ‘चला, आधी पावसाची टाळी!’ पावसाची टाळी म्हणजे डाव्या तळव्यावर उजव्या हाताचं आधी एक बोट वाजवायचं, मग दोन, मग तीन, असं करत पाच बोटांनी धो धो, आणि मग परत उतरत एकावर. कोकणातल्या एखाद्या गुरुजीनं ही टाळी काढली असणार. लातूर जिल्ह्यात ती दोन बोटांवर थांबवून ‘उर्वरित पाऊस परतीच्या मोसमात’ असं जाहीर करायला हवं. पण आम्ही मुकाट्यानं पाचही बोटांनी पाडतो.

मग गटकार्य. सहा जणांचा गट, एक चार्टपेपर, दोन स्केचपेन. विषय, ‘माझी आनंददायी शाळा’. गटात मराठीचा शिक्षक सापडला, की बाकीचे पाच जण एकदम मोकळे होतात. ‘सर, तुमचं अक्षर चांगलं आहे’ म्हणून चार्टपेपर माझ्यापुढे सरकतो. मग एक जण मोबाइलवर लातूरच्या अडतीतला सोयाबीनचा भाव बघतो, दुसरा त्यावर उसासा टाकतो, तिसरा हमीभावाचा विषय काढतो, आणि मी ‘आनंददायी’ची वेलांटी पहिली की दुसरी हे चौथ्याला समजावत असतो. सादरीकरणानंतर सुलभक सगळ्या गटांना ‘फारच सुंदर’ म्हणतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसाचं इतिवृत्त वाचायचं असतं. ते कोण लिहिणार हे सांगायला नकोच. एकदा वैतागून मी ते आर्येत लिहिलं. तेव्हापासून जिल्ह्यातल्या कुठल्याही प्रशिक्षणाला गेलो की ‘आर्यावाले सर आले का?’ असं विचारतात. व्यावसायिक विकासाची माझी नोंदवलेली निष्पत्ती ती एवढी.

२०२२ मध्ये हेच प्रशिक्षण ऑनलाइन झालं. मोबाइल तांब्याला टेकवून ठेवायचा आणि व्हिडिओ चालू करायचा. घरात तो आवाज सगळीकडे जातो. मला वह्या तपासायच्या असत, त्यामुळे माझ्यापेक्षा जास्त प्रशिक्षण आमच्या सौभाग्यवतींचं झालं. आठवडाभरात तिला चिकित्सक विचार आणि सर्जनशील विचार यांतला फरक सांगता येऊ लागला, आणि तिनं तो घरात वापरायलाही सुरुवात केली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार शिक्षकानं दरवर्षी किमान ५० तास व्यावसायिक विकासाला द्यायचे आहेत. वजनमापाचा एक प्रश्न त्यामुळे सुटला. ऊस टनात, दूध फॅटवर, शिक्षक तासांत.

२०१५ च्या आसपास ज्ञानरचनावादाची लाट आली होती, ती आमच्या पिढीला विसरणं शक्य नाही. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये प्राथमिक शाळांत खरंच चांगलं काम झालं होतं. मुलं जमिनीवर बसून, हातात वस्तू घेऊन, आपापसांत बोलत शिकत होती. मग महाराष्ट्रभरातून शिक्षकांच्या जीपगाड्या कुमठ्याकडे निघाल्या. आमच्या भागातूनही गेल्या. जाताना तुळजापूरची आई, येताना पंढरपूर, असा बेत. परत आल्यावर सोबत काय आणलं? तेलरंगाचे डबे. महिन्याभरात शाळाशाळांच्या फरश्यांवर मुळाक्षरं, पायऱ्यांवर पाढे, खांबांवर इंग्रजी महिने उमटले. मुलं बिचारी बारा सत्ते चौऱ्याऐंशीवर पाय देऊन वर्गात शिरू लागली. दोन पावसाळ्यांनी रंग गेला आणि त्याबरोबर रचनावादही. कुमठ्याच्या बाईंनी आणि गुरुजींनी तिथे रोज काय केलं, कुठे अडलं, कुठे जमलं, हे खरं तर विचारून घ्यायचं होतं. पण रंगाचं दुकान सापडायला सोपं.

आणि सेल्फी! नोव्हेंबर २०१६ मध्ये आदेश निघाला, की दर सोमवारी शिक्षकांनी दहा-दहा विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून ऑनलाइन चढवायची. जानेवारीपासून अंमल होता. आमच्या हेडसरांकडे तेव्हा बटणांचा फोन. सरांनी संस्थेकडे लेखी विचारणा केली, की हा फोन उलटा धरून चालेल का. पुढे तो आदेशच स्थगित झाला आणि मराठी शाळा एका मोठ्या कलासंग्रहाला मुकली. फोटोची ओढ मात्र त्यानंतर जी लागली ती गेली नाही. आता कुठल्याही पत्राच्या शेवटी ‘सोबत फोटो जोडावा’ असतंच. वृक्षारोपणाचा फोटो, वाचनप्रेरणा दिनाचा फोटो, हात धुण्याचा फोटो. त्याच खड्ड्यात, त्याच झाडाची, पाच जूनला दरवर्षी लागवड होते. फोटोतले हेडसर तेवढे वर्षागणिक पांढरे होत जातात.

या सगळ्यात भाषेच्या शिक्षकाची अवस्था जरा निराळी. आम्ही लातूर पॅटर्नच्या मुलखातले. दहावी झाली की रेणापूरचं पोर गादी आणि बादली घेऊन लातूरला खोलीवर राहायला जातं, आणि त्याच्या आयुष्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र अशा तीन सासवा येतात. मराठीचा प्रश्न तिथं फार नाजूकपणे सोडवलेला आहे. अकरावीला मराठीऐवजी माहिती तंत्रज्ञान घेता येतं. पालक येऊन अत्यंत आदरानं सांगतात, ‘सर, पोराला मराठीत पंच्याण्णव पडले, तुमच्यामुळं. आता आयटी घेतलंय.’ २७ फेब्रुवारीला मात्र आमची आठवण होते. त्या दिवशी मराठी भाषा गौरव दिन असल्यामुळे सकाळी माझ्या हातात नारळ आणि गळ्यात शाल पडते, इंग्रजीचे सर माझ्याविषयी गौरवपर बोलतात, आणि ‘थँक्यू’ म्हणून खाली बसतात. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा पेढे मीच वाटले. पीटीच्या सरांनी दोन घेतले आणि विचारलं, ‘यानं तुमचा पगार वाढतो का?’

निबंध हा आमचा खरा शेतमाल. पण त्यालाही पेरणी गाइडची. समुद्रकिनाऱ्यावरची संध्याकाळ रेणापूरच्या मुलांनी इतक्या वेळा लिहिली आहे, की इथून शेकडो किलोमीटर समुद्र नाही हे कुणाच्या ध्यानात येणार नाही. लाटा फेसाळतात, सूर्य केशरी होतो, वाळूत किल्ले होतात. लिहिणाऱ्यानं पाणी पाहिलेलं असतं ते भंडारवाडीच्या धरणाचं, तेही ज्या वर्षी असेल त्या वर्षी. कल्पनात्मक निबंधाची गंमत तर २०१६ नंतर गेलीच. त्या वर्षी १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोचली. पुढे ‘पाणी संपले तर…’ हा विषय परीक्षेत आला. गाइडातला निबंध असा होता, की फुले कोमेजतील, पक्षी मूक होतील, धरणीमाता विधवेसारखी दिसेल. आमच्या एका पोरानं लिहिलं, की पाण्याच्या टाकीजवळ कलम १४४ लावावं लागेल, रेल्वेला डबे जोडून पाणी येईल, ते बघायला गर्दी होईल, टीव्हीवाले येतील, आणि लग्नाला येणाऱ्या पाहुण्यांना येताना कॅन आणा म्हणून सांगावं लागेल. शेजारी बसून पेपर तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘लिहिलंय छान, पण यात कल्पना कुठे आहे?’

मास्तरानं शाळेबाहेरचं, कुणी न मागितलेलं, लोकांनी वाचावं असं लिहायचं, ही काही नवी खोड नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेत मास्तर होते. १८७४ च्या जानेवारीत त्यांनी ‘निबंधमाला’ सुरू केली आणि वर्ग सांभाळून सात वर्षांत चौऱ्याऐंशी अंक काढले, बहुतेक मजकूर एकहाती. कुणाचं परिपत्रक नाही, नमुना नाही, प्रपत्र ‘अ’ नाही. १८७८ मध्ये त्यांची पुण्याहून रत्नागिरीला बदली झाली. आमच्या स्टाफरूममध्ये हा किस्सा सांगितला तेव्हा सगळ्यांना निबंधमालेपेक्षा बदलीचा भाग जास्त कळला. रत्नागिरी तेव्हा अवघड क्षेत्रात होती का, संवर्ग एकमधून रद्द करता आली नसती का, अशी चर्चा तासभर चालली. शास्त्रीबुवांनी सरळ नोकरी सोडली आणि १ जानेवारी १८८० ला न्यू इंग्लिश स्कूल काढलं, हे ऐकून सगळे गप्प झाले. पेन्शनचं काय केलं असेल, एवढंच कुणीतरी पुटपुटलं.

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. दैनिक! आम्हाला रोजचं टाचण रोज होत नाही. आणि आपल्या नांदेडचे नरहर कुरुंदकर. इंटरला पुनःपुन्हा नापास झालेला हा माणूस प्रतिभा निकेतनमध्ये शाळामास्तर होता, पुढे पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झाला, आणि मराठवाड्यानं त्यांच्याकडून विचार कसा करायचा ते शिकून घेतलं. आज त्यांचा वरिष्ठ वेतनश्रेणीचा प्रस्ताव गेला असता, तर पहिल्या टेबलावरच त्रुटी निघाली असती: शैक्षणिक अर्हतेची प्रत जोडलेली नाही. या तिघांकडे एक गोष्ट होती जी आमच्या टाचणाकडे नाही. त्यांना वाचक होते. अमळनेरची पोरं सकाळी डोळे चोळत ते दैनिक वाचत असतील आणि गुरुजींच्या तोंडावर सांगतही असतील, की आज बरं नव्हतं.

मला वाचक मिळाले ते सुविचारामुळे.

जूनमध्ये शाळेत विभागवाटप होतं. परीक्षा विभाग, सहल विभाग, पोषण आहार विभाग अशी वजनदार खाती वाटून झाली, की उरलेला सुविचार फळा मराठीकडे येतो. आमचा फळा शाळेच्या दाराशी, रस्त्याला तोंड करून आहे, आणि त्याच्या बाजूलाच लोक बसची वाट बघत उभे असतात. एक हजार एक सुविचारांचं एक पुस्तक शाळेत आहे. त्यातले पहिले दोनशे अतिवापरानं झिजलेले. वेळेचं महत्त्व सांगणारा सुविचार आमच्या फळ्यावर एकदा अख्खी दिवाळीची सुटी राहिला होता.

एके दिवशी मला त्या पुस्तकाचा कंटाळा आला. सुविचाराच्या जागी मी लिहिलं: ‘काल नववीत एका मुलीनं विचारलं, कवीला दुःख झालं होतं तर त्यानं डायरेक्ट का नाही सांगितलं? उत्तर शोधतो आहे.’ खाली तारीख. दुपारी बाहेर आलो तर खाली वेगळ्या अक्षरात, खडूच्या तुकड्यानं लिहिलेलं: ‘डायरेक्ट सांगितलं तर घरचे ऐकत नाहीत.’ माझ्या आयुष्यात माझ्या लेखनावर आलेला हा पहिला अभिप्राय. ‘पाहिले’ सोडून.

मग चटकच लागली. रोज चार ओळी. वर्गात काय झालं, कोण काय बोललं, कुठं गाडी अडली. फळ्याला उद्या काहीतरी लागणार म्हणून आज वर्गात कान उघडे ठेवावे लागतात, हा त्यातला मुख्य त्रास. एरवी मूल चुकलं की मी दुरुस्त करून पुढे जायचो. आता ते का चुकलं हे विचारावं लागतं, कारण नुसत्या दुरुस्तीच्या चार ओळी होत नाहीत. बसवाले वाचायचे, त्यावर बोलायचे. शिपाईमामांनी आपण होऊन फळ्याच्या कडेला खडूचा तुकडा ठेवायला सुरुवात केली. अभिप्राय सगळेच विषयाला धरून असत असं नाही. ‘लातूर गाडी गेली का’, ‘पोरगं गणितात कच्चं हाय, ट्यूशन सांगा’, आणि सगळ्यात जास्त वेळा, ‘सोयाबीनचा भाव लिवा’.

एकदा मी लिहिलं, ‘आठवीतल्या कुणीच मोट पाहिलेली नाही. कविता अडली आहे.’ गाइडात मोट म्हणजे ‘विहिरीतून पाणी काढण्याचे साधन’ एवढंच होतं. मधल्या सुटीत एक म्हातारबा फाटक ढकलून आत आले. हातात दवाखान्याची पिशवी, अंगात मळकी बंडी, बस यायला वेळ होता. म्हणाले, ‘मास्तर, लेकरायला मोट म्हाईत न्हाई म्हनं?’

त्यांना वर्गात नेलं. त्यांनी आधी टेबल उचलून बाजूला करायला लावलं. ती विहीर. दोन दांडगी पोरं बैल झाली, तिसऱ्याच्या दप्तराची मोट झाली, आणि पीटीच्या सरांकडून रस्सीखेचीचा दोर आला तो नाडा. ‘ह्यो जाड नाडा मोटंला, अन् बारकं सोंदूर सोंडंला. सोंड वर दुमडल्याली पायजे, न्हाईतर पानी वाटंतच गळतंय. थारोळ्यात आल्यावर सोंड सुटती.’ दप्तराचा पट्टा दुमडून त्यांनी सोंड दाखवली. बैल धावेवरून, म्हणजे दोन बाकांच्या मधून, जोरात निघाले आणि थेट दारापर्यंत गेले. ‘आरं थांबा! आता मागं सरा. वळायचं न्हाई, उलटं मागं सरायचं.’ बैलांना ते काही जमेना. एक पायात पाय अडकून पडला. म्हातारबा खूश झाले. म्हणाले, ‘पुढं वडायला कुनालाबी येतंय. खोंडाला मागं सरायला शिकवायलाच लई दिस लागत्यात.’ मी हे वहीत टिपून घेतलं. पन्नास तासांच्या विकासात हे कुठल्याच सुलभकानं सांगितलं नव्हतं.

एका मुलीनं विचारलं, ‘आजोबा, मोट चालू असताना पाऊस आला तर?’

‘मग मोट कशाला हाणली असती, बाई?’

इतिहासाचा तास त्यात गेला, भूगोलाचा गेला. बसही गेली. त्यानंतर ती कविता मी शिकवली नाही. मुलांनीच ती वाचली आणि कवी सोंदूर कसा विसरला म्हणून त्याला धारेवर धरलं.

हेडसरांच्या कानावर हे गेलं. ते म्हणाले, हे नवोपक्रमात बसवा. सोबत फोटो जोडावा लागेल. म्हणून निरोप पाठवून म्हातारबांना पुन्हा बोलावलं. मळक्या बंडीवर फोटो काढायला त्यांची सक्त मनाई होती. ते बाजाराच्या दिवशी इस्त्रीचा नेहरू शर्ट, पांढरंशुभ्र धोतर आणि नवा पटका घालून आले. शेजारी नातू, नातवाच्या डोळ्यांवर काळा चष्मा. फोटोत ते जिल्हा बँकेच्या संचालकासारखे ताठ उभे आहेत, मागे आठवीचा वर्ग हाताची घडी घालून. दोर नाही, दप्तर नाही, बैल नाहीत. शीर्षक मी दिलं, ‘ज्येष्ठ नागरिकांच्या अनुभवसंचिताचा भाषा अध्ययनात परिणामकारक उपयोग: एक नवोपक्रम’. पुढे गरज, उद्दिष्टे, कार्यपद्धती, आणि यशस्विता. यशस्वितेच्या रकान्यात टक्केवारी मागितली होती. म्हातारबा खुर्चीवर बसून माझं लिहिणं बघत होते. म्हणाले, ‘काय लिवायलाव?’ मी सगळं वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘ह्यात मी कुठं आलो?’

पुढच्या महिन्यात भेटीसाठी एक साहेब आले. दारातच फळ्यापाशी थांबले. त्या दिवशी फळ्यावर ‘श’ आणि ‘ष’ यांच्या भांडणाची हकिगत होती आणि खाली तीन जणांचे अभिप्राय. साहेबांनी सगळं वाचलं, हसले, मग एकदम भानावर येऊन म्हणाले, ‘हे कोणत्या उपक्रमाखाली बसतं?’ हेडसरांनी क्षणाचाही विलंब न लावता, ‘लोकसहभाग’ असं उत्तर दिलं. साहेब म्हणाले, ‘छान, पण सुविचार दिसत नाही. सुविचार पाहिजे.’

तेव्हापासून तडजोड झाली आहे. वरच्या दोन ओळी सुविचाराच्या, त्या पुस्तकातूनच, ठळक अक्षरात. खालचा फळा माझा. परवा सकाळी मी स्टुलावर चढून परिश्रमाचं महत्त्व लिहीत होतो. मागे गाडीची वाट बघणारे दोघंतिघं उभे होते. त्यांतला एक जण बराच वेळ बघून म्हणाला, ‘सर, ते वरचं कुनासाठी लिवायलाव?’

मी म्हटलं, ‘साहेबांसाठी.’

‘ते काय रोज येत्यात का?’ तो म्हणाला. ‘पुसा ते. तेवढ्यात भाव बसतोय.’